सॉफ्टवेअर गेले, सामान मात्र राहिले

संगणकावरचे नकोसे झालेले सॉफ्टवेअर काढून टाकणे ही वरकरणी अगदी सोपी क्रिया आहे. यादीत त्याचे नाव शोधावे, ‘अनइन्स्टॉल’ या शब्दावर क्लिक करावे, एक-दोन प्रश्नांना होकार द्यावा, की काही क्षणांत काम पूर्ण झाल्याचा संदेश पडद्यावर उमटतो. नाव यादीतून जाते, डेस्कटॉपवरचे चिन्ह नाहीसे होते आणि आपण निश्चिंत होतो. प्रत्यक्षात मात्र बिऱ्हाड हलल्यानंतरही माळ्यावर चार डबे आणि एखादी ट्रंक राहून जावी, त्याप्रमाणे त्या सॉफ्टवेअरचा काही भाग हार्ड डिस्कवर मुक्काम ठोकून असतो.

मागे राहिलेले हे सामान कधी काही किलोबाइटचे असते, तर कधी काही गिगाबाइटचे. त्यामुळे संगणक ‘जड’ होतो आणि मंदावतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही अडगळ साफ करून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा स्वतंत्र बाजारच या समजुतीवर उभा राहिला. खरा प्रश्न मात्र जागेचा नाही. मागे उरलेल्या फायलींपैकी काही आपल्याच असतात आणि त्या गेल्या तर नुकसान आपलेच होते. काही निव्वळ केरकचरा असतो, त्याने फारसे बिघडत नाही. काही फायली मात्र मूळ सॉफ्टवेअर गेल्यानंतरही आपले काम चालूच ठेवतात. धोका आहे तो या तिसऱ्या प्रकारात. हे तीन प्रकार वेगळे ओळखता आले, तर अकारण भीतीही वाटणार नाही आणि नको तेथे गाफीलपणाही होणार नाही.

नोंद असेल तेवढेच निघते

सॉफ्टवेअर बसवताना त्याचा ‘सेटअप’ कोणत्या फायली कोठे ठेवल्या आणि कोणती नवी फोल्डर तयार केली, याची नोंद करून ठेवतो. काढण्याचे काम करणारा ‘अनइन्स्टॉलर’ हीच नोंद हाती घेऊन यादीतील एकेक वस्तू पुसत जातो. घोळ येथेच सुरू होतो. यादी बसवण्याच्या दिवसाची असते. सॉफ्टवेअर मात्र त्यानंतर महिनोन् महिने वापरले जाते. या काळात ते स्वतःच नवनव्या फायली निर्माण करते. वापरकर्त्याच्या आवडीनिवडी, जलद कामासाठी साठवलेल्या तात्पुरत्या प्रती, रोजच्या कामाच्या नोंदी, इंटरनेटवरून उतरवलेल्या सुधारणा यांची नावे मूळ यादीत नसतात. साहजिकच त्या निघत नाहीत. शिवाय एखाद्या फोल्डरमध्ये यादीबाहेरची एक जरी फाइल सापडली, तरी ते रिकामे नाही म्हणून अनइन्स्टॉलर ते फोल्डरही सोडून देतो. ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये जुन्या सॉफ्टवेअरच्या नावांची अर्धवट फोल्डर आढळतात, ती यामुळेच.

विंडोजमध्ये हे सामान साधारणपणे तीन ठिकाणी विखुरलेले असते. मूळ सॉफ्टवेअर ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये, सर्व वापरकर्त्यांसाठीची सामाईक माहिती ‘प्रोग्रामडेटा’मध्ये आणि प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र माहिती त्याच्या खात्यातील ‘ॲपडेटा’मध्ये. यातील शेवटची दोन फोल्डर एरवी दृष्टीआड ठेवलेली असतात. घरातील संगणकावर आई, वडील आणि मुले यांची वेगवेगळी खाती असतील, तर प्रत्येकाच्या ‘ॲपडेटा’त त्या सॉफ्टवेअरचा वेगळा संसार असतो. एकाने आपल्या खात्यातून सॉफ्टवेअर काढले, म्हणून इतरांच्या खात्यातील फायलींना हात लावणे अनइन्स्टॉलरला सहसा शक्य नसते आणि ते योग्यही नाही.

दुसरे कारण सामाईक फायलींचे. अनेक सॉफ्टवेअर काही घटक आपापसांत वाटून वापरतात. विंडोजमध्ये अशा घटकांना ‘डीएलएल’ म्हणतात. किती सॉफ्टवेअर एखादी डीएलएल वापरत आहेत, याची मोजणी ठेवण्याची पद्धत विंडोजने आणली. परंतु ही मोजणी प्रत्येक सेटअपने प्रामाणिकपणे केली, तरच तिचा उपयोग. जुन्या काळी सॉफ्टवेअर काढताना ‘ही सामाईक फाइल आता कोणी वापरत नसावे, काढून टाकू का?’ असा प्रश्न पडद्यावर येत असे आणि बहुतेक जण घाबरून ‘नाही’ म्हणत. आजही यादीत ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल’ या लांबलचक नावाच्या अनेक आवृत्त्या दिसतात. एखाद्या खेळाने किंवा सॉफ्टवेअरने त्या सोबत आणलेल्या असतात; पण पुढे आणखी चार सॉफ्टवेअर त्यांच्यावर विसंबून राहू लागतात. त्यामुळे आणणारा निघून गेला, तरी त्या तशाच ठेवल्या जातात.

तिसरे कारण अगदी साधे आहे. चालू असलेली फाइल विंडोजला सहसा पुसता येत नाही. अशा फायलींवर ‘पुढच्या वेळी संगणक सुरू होताना काढावी’ अशी खूण केली जाते. म्हणूनच संगणक पुन्हा सुरू करण्याची विनंती येते. ती टाळत राहिलो, तर तोपर्यंत सॉफ्टवेअर अर्धे गेलेले आणि अर्धे राहिलेले, अशी त्रिशंकू अवस्था होते.

रजिस्ट्री नावाची खतावणी

‘डॉस’च्या काळात बहुधा हा प्रश्नच नव्हता. सॉफ्टवेअर आपल्या डिरेक्टरीत राही; डिरेक्टरी पुसली, की विषय संपला. विंडोज आल्यावर सॉफ्टवेअर आपल्या फायली विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवू लागले आणि ‘आयएनआय’ या प्रकारच्या फायलींत आपल्या ओळी घुसडू लागले. हा पसारा आवरण्यासाठी १९९५ मध्ये आलेल्या ‘विंडोज ९५’ने सर्व नोंदी ‘रजिस्ट्री’ या एकाच मध्यवर्ती खतावणीत आणण्याचा प्रयत्न केला. नियंत्रण कक्षात सॉफ्टवेअर काढण्याची स्वतंत्र सोयही दिली आणि ‘विंडोज ९५’साठी अनुकूल असल्याचे बोधचिन्ह हवे असणाऱ्या कंपन्यांना अनइन्स्टॉलर देणे बंधनकारक केले. पुढे १९९९ मध्ये ‘ऑफिस २०००’बरोबर ‘विंडोज इन्स्टॉलर’ ही यंत्रणा आली. बसवणे, दुरुस्त करणे आणि काढणे या तिन्ही कामांची जबाबदारी तिने प्रणालीकडे घेतली. तरीही सर्व कंपन्यांनी तिचाच वापर करावा, अशी सक्ती नव्हती. आजही अनेक जण स्वतःचा सेटअप आणि स्वतःचा अनइन्स्टॉलर देतात. काढण्याच्या कामाचा दर्जा सॉफ्टवेअरगणिक वेगळा दिसतो, तो त्यामुळे.

रजिस्ट्रीतील उरलेल्या नोंदींविषयी बरेच गैरसमज आहेत. ही खतावणी लाखो नोंदींची असते. त्यातील काही शे नोंदी निरुपयोगी झाल्या, म्हणून संगणकाच्या वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. काही नोंदी तर हेतुपुरस्सर मागे ठेवल्या जातात. तीस दिवस मोफत वापरायला मिळणारे सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवले, तरी मुदत नव्याने सुरू होत नाही. याचे कारण असे की, आधीच्या वापराची खूण कोठेतरी जपलेली असते. वापरकर्त्याला न सांगता ठेवलेली ही खूण योग्य की अयोग्य, यावर मतभेद होऊ शकतात. परंतु ती चुकून राहिलेली नसते, एवढे निश्चित.

एवढी सावधगिरी कशासाठी?

अनइन्स्टॉलरने सरसकट सारे पुसून का टाकू नये, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर १९९८ च्या डिसेंबरमध्ये मिळाले. ‘बंजी’ या अमेरिकी कंपनीचा ‘मिथ टू : सोलब्लायटर’ हा खेळ तेव्हा बाजारात येत होता. त्याच्या अनइन्स्टॉलरची रीत सरळ होती. खेळ ज्या फोल्डरमध्ये बसवला, ते फोल्डर आतल्या सर्व गोष्टींसह पुसायचे. पण वापरकर्त्याने वेगळे फोल्डर न करता खेळ थेट ड्राइव्हच्या मुळाशी बसवला असेल, तर ‘आतल्या सर्व गोष्टी’ म्हणजे तो संपूर्ण ड्राइव्ह! चूक ध्यानात येताच कंपनीला तयार प्रती परत मागवाव्या लागल्या.

अशीच वेळ २००७ च्या डिसेंबरमध्ये आइसलँडच्या ‘सीसीपी’ या कंपनीवर आली. ‘ईव्ह ऑनलाइन’ या तिच्या खेळाच्या ‘ट्रिनिटी’ या सुधारित आवृत्तीने ‘बूट डॉट आयएनआय’ नावाची स्वतःची जुनी फाइल काढायची होती. दुर्दैवाने त्याच नावाची एक फाइल ‘विंडोज एक्सपी’चीही होती आणि संगणक सुरू होण्यासाठी ती आवश्यक होती. पत्ता चुकला आणि काही संगणकांवर खेळाच्या फाइलऐवजी विंडोजची फाइल पुसली गेली. ते संगणक पुन्हा सुरूच होईनात.

या दोन घटनांवरून अनइन्स्टॉलर लिहिणाऱ्यांनी घ्यावयाचा धडा उघड आहे. कमी पुसले तर थोडी अडगळ राहते. जास्त पुसले तर ग्राहकाचे कधीही भरून न येणारे नुकसान होते. शंका असेल तेथे फाइल राहू द्यावी, हे धोरण म्हणूनच रूढ झाले. त्यामागे आळस असतोच असे नाही. बरेचदा तो शहाणपणा असतो.

उरलेले सारेच टाकाऊ नसते

‘फायरफॉक्स’ हा ब्राउझर विंडोजमधून काढला, तरी वापरकर्त्याचे ‘प्रोफाइल’ जागेवरच राहते. त्यात जतन केलेले पत्ते, भेट दिलेल्या संकेतस्थळांचा इतिहास आणि साठवलेले पासवर्ड असतात. ब्राउझर पुन्हा बसवला, की सारे पूर्ववत दिसते. ‘थंडरबर्ड’ या ई-मेलच्या सॉफ्टवेअरचीही हीच रीत आहे. ‘गुगल क्रोम’ काढताना मात्र ब्राउझिंगची माहितीही पुसावी काय, असा पर्याय समोर येतो. माहिती वापरकर्त्याची आहे, तेव्हा निर्णयही त्याचाच असावा, हे तत्त्व यात मानलेले दिसते. ग्राहकाच्या दृष्टीने हीच सर्वांत चोख पद्धत म्हणावी लागेल. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील नोंदी, चित्रे रंगवण्याच्या सॉफ्टवेअरमधील अपुरी कामे, खेळात गाठलेला टप्पा यांनाही हाच न्याय लागू होतो.

मात्र या सोयीला दुसरी बाजू आहे. जुना संगणक विकताना किंवा कोणाला देताना केवळ ब्राउझर काढून टाकला आणि आपण मोकळे झालो असे मानले, तर आपले पासवर्ड आणि पत्रव्यवहार संगणकाबरोबर दुसऱ्याच्या घरी जाऊ शकतात.

मराठी वाचकांना या विषयाचा एक खास अनुभव आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर ‘सी-डॅक’च्या ‘आयएसएम’मध्ये किंवा ‘श्री-लिपी’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये टंकित होत असे. या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. अशी फाइल ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही, तेथे उघडली, की मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक माळ दिसते. ‘विंडोज २०००’पासून ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट विंडोजबरोबर मिळू लागला आणि नव्या मजकुरापुरता प्रश्न सुटला. पण जुन्या पत्रिका, संस्थांचे अहवाल, प्रबंध आणि पुस्तकांच्या मुद्रणप्रती अनेकांकडे आजही जुन्या फॉन्टमध्येच आहेत. सॉफ्टवेअर काढल्यानंतर मागे राहिलेला एखादा ‘डीव्हीबी-टीटी सुरेख’ अडगळ म्हणून पुसला, तर त्या फायली असूनही नसल्यासारख्या होतात. तो पुसण्याआधी जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे हिताचे.

गेल्यावरही चालू राहिलेले तुकडे

आता तिसऱ्या आणि खऱ्या अर्थाने गंभीर प्रकाराकडे वळू. काही सॉफ्टवेअर केवळ फायली ठेवत नाहीत. ती प्रणालीत पार्श्वभूमीवर चालणारी सेवा, ड्रायव्हर किंवा ठरावीक वेळी जागे होणारे काम बसवतात. मुख्य सॉफ्टवेअर काढल्यावर यातील एखादा तुकडा राहिला, तर तो संगणक सुरू होताच चालू होतो आणि त्याला सुधारणा पुरवणारे मूळ सॉफ्टवेअर मात्र उरलेले नसते.

याचे गाजलेले उदाहरण ‘सोनी बीएमजी’चे. संगणक सुरक्षातज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबर २००५ रोजी जाहीर केले की, या कंपनीची गाण्यांची सीडी संगणकात घातल्यावर ‘एक्ससीपी’ नावाचे नक्कलविरोधी सॉफ्टवेअर बसते आणि स्वतःला प्रणालीपासून दडवून ठेवते. ठरावीक चिन्हांनी सुरू होणाऱ्या नावांची कोणतीही फाइल ते अदृश्य करत असे. त्यामुळे अन्य घातक सॉफ्टवेअरलाही लपायला आयती जागा मिळाली. त्याला काढण्याची सोय यादीत नव्हती. रुसिनोविच यांनी ते हाताने काढले, तेव्हा सीडी ड्राइव्हच संगणकावरून दिसेनासा झाला. या सॉफ्टवेअरने ड्राइव्हकडे जाणाऱ्या वाटेत आपला ड्रायव्हर बसवला होता, हे त्याचे कारण.

ओरड झाल्यावर कंपनीने संकेतस्थळावरून चालणारा अनइन्स्टॉलर दिला. पण अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे एड फेल्टन आणि ॲलेक्स हाल्डरमन यांनी नोव्हेंबर २००५ मध्ये दाखवून दिले की, हा अनइन्स्टॉलर स्वतःचा एक घटक संगणकावर सोडून जातो आणि त्याच्या आधारे कोणतेही संकेतस्थळ त्या संगणकावर हवा तो प्रोग्राम चालवू शकते. रोगापेक्षा औषध भयंकर ठरले! कंपनीच्या माहितीनुसार अशा सुमारे ४७ लाख सीडी बाजारात पाठवल्या गेल्या होत्या आणि सुमारे २१ लाख विकल्या गेल्या होत्या. अखेर त्या परत मागवाव्या लागल्या, न्यायालयीन दावे झाले आणि जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाबरोबरही कंपनीला तडजोड करावी लागली.

दुसरे उदाहरण जुलै २०१९ मधले. ‘झूम’ हे बैठकांचे सॉफ्टवेअर ॲपलच्या ‘मॅक’ संगणकांवर बसवताना एक छोटा स्थानिक वेब सर्व्हरही बसवत असे. दुव्यावर क्लिक करताच, मध्ये परवानगी न विचारता बैठक सुरू व्हावी, हा त्याचा उद्देश होता. ‘झूम’ काढून टाकले तरी हा सर्व्हर मागे राही आणि वापरकर्त्याने पुढे कधी बैठकीचा दुवा उघडला, तर ‘झूम’ परस्पर पुन्हा बसवत असे. जोनाथन लाइटशू या संशोधकाने हे उघड केले. कंपनीने तो सर्व्हर काढणारी सुधारणा दिली. ॲपलनेही काही दिवसांतच आपल्या बाजूने गुपचूप अद्ययावतीकरण पाठवून तो मॅक संगणकांवरून हटवला. एखाद्याने ‘नको’ म्हणून काढलेले सॉफ्टवेअर त्याच्या संमतीविना परत येऊ शकते, ही गोष्ट यानिमित्ताने सर्वसामान्यांना प्रथमच ठळकपणे कळली.

विषाणूप्रतिबंधक सॉफ्टवेअरबाबतही काळजी घ्यावी लागते. ते प्रणालीच्या अगदी खोल थरात काम करते. त्याचे ड्रायव्हर राहून गेले, तर नव्याने बसवलेल्या दुसऱ्या प्रतिबंधकाशी त्यांचे खटके उडतात. कंपन्यांनाही याची कल्पना आहे. म्हणूनच ‘नॉर्टन’ आणि ‘मॅकॅफी’ यांनी नेहमीच्या अनइन्स्टॉलरखेरीज काढण्याची स्वतंत्र साधने उपलब्ध करून दिली.

मॅक आणि लिनक्सची रीत

मॅकवर बरीचशी सॉफ्टवेअर एकाच गाठोड्यासारखी असतात. ते गाठोडे कचरापेटीत टाकले, की सॉफ्टवेअर गेले. ही रीत सुटसुटीत आहे. पण यात अनइन्स्टॉलर चालतच नाही, त्यामुळे वापरकर्त्याच्या ‘लायब्ररी’ फोल्डरमधील पसंती, तात्पुरत्या प्रती आणि पूरक फायली जशाच्या तशा राहतात. हे फोल्डर २०११ पासून दृष्टीआडच ठेवलेले असते. पार्श्वभूमीवर चालणाऱ्या कामांच्या नोंदी ‘लाँच एजंट्स’ आणि ‘लाँच डीमन्स’ या फोल्डरमध्ये असतात. अशा सॉफ्टवेअरसाठी कंपनीने वेगळा अनइन्स्टॉलर दिला असेल, तर तोच वापरावा.

लिनक्सच्या डेबियन आणि उबुंटू या प्रणालींत हा प्रश्न अधिक प्रामाणिकपणे मांडलेला दिसतो. तेथे काढण्याच्या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. ‘रिमूव्ह’ म्हटले, की सॉफ्टवेअर जाते, पण त्याच्या रचनेच्या फायली राहतात. ‘पर्ज’ म्हटले, की त्याही जातात. केवळ ‘रिमूव्ह’ केलेल्या आणि रचनेच्या फायली शिल्लक असलेल्या पॅकेजांची यादीही प्रणाली दाखवते. सोबत आलेली आणि आता कोणालाच नको असलेली पॅकेजे ‘ऑटोरिमूव्ह’ने काढता येतात. तरीही वापरकर्त्याच्या स्वतःच्या ‘होम’ फोल्डरला ‘पर्ज’देखील हात लावत नाही. मालकी कोणाची, याची सीमारेषा येथे स्पष्ट आखलेली आहे.

मोबाइलवर काय होते?

मोबाइलमध्ये प्रत्येक ॲपला स्वतःची बंदिस्त खोली दिलेली असते. त्यामुळे ॲप काढले, की खोलीतील सामानही जाते. अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांत मात्र ॲप सामाईक साठवणुकीत वाटेल तेथे फोल्डर करू शकत आणि ती मागे राहत. अँड्रॉइडच्या २०१९ मधील दहाव्या आणि २०२० मधील अकराव्या आवृत्तीने या मुक्त संचाराला बऱ्याच अंशी आळा घातला. जुन्या फोनवरून नव्या फोनवर सारे काही उचलून आणणाऱ्यांच्या साठवणुकीत अशी बेवारस फोल्डर आजही सापडू शकतात.

आयफोनवर ॲपची खोली रिकामी होत असली, तरी पासवर्ड आणि तत्सम गुपिते ठेवण्याच्या ‘कीचेन’ या तिजोरीतील नोंदी ॲपबरोबर जातातच असे नाही. काढून टाकलेले ॲप पुन्हा बसवल्यावर कधीकधी आपली ओळख त्याला आधीच ठाऊक असते, ती यामुळे. ‘उबर’ने काही काळ आयफोनवरून ॲप काढल्यानंतरही तो फोन ओळखता येईल अशी व्यवस्था केली होती, असे वृत्त ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एप्रिल २०१७ मध्ये दिले. फसवणूक रोखण्यासाठी हे आवश्यक असल्याची भूमिका कंपनीने मांडली होती.

मोबाइलच्या बाबतीत सर्वांत मोठे उरलेले सामान फोनमध्ये नसतेच, ते कंपनीच्या सर्व्हरवर असते. ॲप काढणे म्हणजे खाते बंद करणे नव्हे. खात्यातील नाव, क्रमांक, पत्ते आणि व्यवहार जागच्या जागी राहतात. ज्या ॲपमध्ये खाते उघडता येते, त्यातूनच ते बंद करण्याची सोय असावी, असा नियम ॲपलने ३० जून २०२२ पासून लागू केला. गुगलनेही २०२३ मध्ये तशाच स्वरूपाचे धोरण जाहीर केले. भारतात ‘डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३’मध्ये आपली माहिती पुसून घेण्याच्या हक्काची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदींची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. त्याचप्रमाणे ॲप काढले म्हणून त्याची मासिक वर्गणी आपोआप थांबत नाही. ॲप स्टोअरमधील वर्गणी किंवा ‘यूपीआय ऑटोपे’चा आदेश वेगळा रद्द करावा लागतो. अन्यथा वापरात नसलेल्या ॲपसाठी खात्यातून पैसे जातच राहतात.

साफसफाई करणाऱ्यांपासून सावध

मागे राहिलेल्या फायली शोधून देणारी अनेक सॉफ्टवेअर मिळतात. त्यांतील काही उपयुक्तही आहेत. पण त्यांच्या हाती सरसकट झाडू देण्यापूर्वी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. विंडोज इन्स्टॉलरच्या बिघडलेल्या नोंदी काढण्यासाठी खुद्द मायक्रोसॉफ्टने एक ‘क्लीनअप’ साधन दिले होते. त्यामुळे कधीकधी संगणकावरील अन्य घटकांनाच इजा होते, असे दिसून आल्यावर कंपनीने २०१० मध्ये ते मागे घेतले. रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वापराला आपला पाठिंबा नाही, असेही कंपनीने स्पष्ट केलेले आहे.

‘सीक्लीनर’ या लोकप्रिय साधनाची कथा तर अधिक बोलकी आहे. २०१७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुमारे महिनाभर त्याच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक भाग मिसळला होता. सुमारे २२ लाख ७० हजार वापरकर्त्यांपर्यंत ती आवृत्ती पोहोचल्याचे सांगण्यात आले. घर झाडायला बोलावलेल्यानेच घाण आणावी, असा हा प्रकार. त्यात कंपनीचा हेतू नव्हता; पण संगणकावर सर्वाधिकार असलेले प्रत्येक नवे सॉफ्टवेअर ही एक नवी जोखीम असते, हे त्यातून दिसले.

स्वतः हाताने पुसणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. ‘विंडोज’ फोल्डरमध्ये ‘इन्स्टॉलर’ नावाचे एक लपवलेले फोल्डर असते. त्याचा आकार पाहून ते रिकामे करण्याचा मोह होतो. परंतु बसवलेली सॉफ्टवेअर पुढे दुरुस्त करण्यासाठी, अद्ययावत करण्यासाठी आणि काढण्यासाठी लागणाऱ्या फायली तेथेच असतात. त्या गेल्या, की सॉफ्टवेअर धड चालतही नाही आणि धड निघतही नाही.

मग करावे काय?

प्रथम जागेची चिंता बाजूला ठेवावी. आज मागे उरलेल्या बहुतेक फायली हार्ड डिस्कच्या तुलनेत नगण्य असतात. अपवाद मोठ्या खेळांचा, चित्रफितींच्या संपादनाचा आणि ई-मेलच्या साठ्यांचा. तेवढी फोल्डर आकारानुसार शोधावीत. त्यानंतर एकच प्रश्न विचारावा : उरलेले जे आहे, ते चालते आहे काय? चालत नसेल, तर ते राहिले काय आणि गेले काय, घाई नाही. चालत असेल आणि आपल्याला नको असेल, तर मात्र त्याचा छडा लावलाच पाहिजे. विंडोजमधील ‘टास्क मॅनेजर’च्या ‘स्टार्टअप’ विभागात संगणकाबरोबर सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी दिसते. अधिक खोलात जायचे असल्यास ‘ऑटोरन्स’ हे मायक्रोसॉफ्टचे मोफत साधन आहे. ‘सोनी’चे प्रकरण उघडकीस आणणारे रुसिनोविच हेच त्याच्या निर्मात्यांपैकी एक.

ग्राहकाने कंपन्यांकडूनही थोडी अपेक्षा बाळगायला हरकत नाही. काय नेले, काय ठेवले आणि का ठेवले, हे जाताना सांगणारा अनइन्स्टॉलर लिहिणे अवघड नाही. घर सोडणारा भाडेकरू किल्ली परत देताना सामानाची बोलणी करतोच. सॉफ्टवेअरनेही तेवढे करावे.

चौकट : सॉफ्टवेअर काढताना हे लक्षात ठेवा

- काढण्यापूर्वी आपली कागदपत्रे, नोंदी आणि पासवर्ड यांची प्रत दुसरीकडे घ्यावी.
- सॉफ्टवेअर आधी पूर्ण बंद करावे; घड्याळाजवळच्या छोट्या चिन्हांतूनही ते बंद झाले आहे ना, हे पाहावे.
- फोल्डर थेट पुसू नये. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲप्स’ या विभागातून किंवा सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या अनइन्स्टॉलरमधूनच ते काढावे.
- येणारे प्रश्न वाचूनच उत्तर द्यावे. ‘माहितीही पुसावी काय?’ हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.
- संगणक पुन्हा सुरू करण्याची सूचना टाळू नये.
- त्यानंतर स्टार्टअपची यादी आणि ब्राउझरमधील एक्स्टेन्शन तपासावीत. मॅकवर ‘लॉगिन आयटेम्स’ पाहावे.
- विषाणूप्रतिबंधक काढताना त्याच कंपनीचे काढण्याचे साधन तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे.
- जुने मराठी फॉन्ट पुसण्यापूर्वी त्यांतील मजकूर युनिकोडमध्ये आणावा.
- मोबाइलवरचे ॲप काढण्याआधी खाते बंद करावे आणि वर्गणी रद्द करावी.
- संगणक विकताना किंवा देताना सॉफ्टवेअर काढून थांबू नये. ‘रीसेट’मधील सर्व काही काढण्याचा आणि ड्राइव्ह स्वच्छ करण्याचा पर्याय वापरावा.